एनएसएसच्या शिबिरात मुलं विषयाचं काही शिकतात का?

जाईजुई | ९ डिसेंबर, २१:४०

मुलगी एफवाय बीएस्सीला आहे. मैत्रिणींच्या नादाने तिने यंदा एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलं. मला वाटलं होतं, चार झाडं लावणं, गणपतीत निर्माल्य गोळा करणं, एखादं पथनाट्य, एवढ्यावर भागेल. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. गाव भोरच्या पुढे कुठेतरी, राहणं जिल्हा परिषदेच्या शाळेत.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, वरच्या चार मार्कांसाठी आठवडा घालवण्यापेक्षा जर्नल पूर्ण कर. सासूबाई म्हणतात, जाऊ दे की, भाकरी थापायला तरी शिकेल. मी मध्ये लटकलेली.

कॉलेजच्या पत्रकात व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्वगुण, सामाजिक बांधिलकी वगैरे सगळं आहे. ते मान्यच, त्यावर कृपया पुन्हा लिहू नका. मला एवढंच विचारायचंय की ज्यांनी कॉलेजात असताना असं काही केलं, त्यांना स्वतःच्या विषयातलं काही जास्त कळलं का? गणित, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, काहीही चालेल. की विषय वर्गात राहिला आणि सेवा गावात?

---

बटाटावडा | ९ डिसेंबर, २१:५२

मी पयला!

सतरंजी, जाड पांघरूण, बॅटरी, ओडोमॉस, स्वतःचं ताट-वाटी. थंडी पहाटे चारला कळते. विषयाचं म्हणाल तर मी कॉमर्सचा, साठ जणांच्या पिठल्याला किती बेसन लागतं ते कळलं.

---

खडूफळा | ९ डिसेंबर, २२:३५

जाईजुई, मी संख्याशास्त्र शिकवते आणि मधली काही वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते, त्यामुळे जरा लांबण लावते.

एनएसएस सुरू झालं २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर, हा ढाचा पुढे वर्षानुवर्षं चालत आला. (बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराचं आहे. मुलांना दोन वर्षं लावूनही ते माहीत नसतं.)

आता तुमचा प्रश्न. प्रश्नावली कशी तयार करायची हे मी एसवायला शिकवते. शिबिरात मुलं स्वतः केलेली प्रश्नावली घेऊन घरोघर गेली. 'शौचालय आहे का?' सगळीकडे हो. संध्याकाळी शंभर टक्के असा आकडा घेऊन स्वारी परत. एका मुलीने मात्र घरामागे जाऊन पाहिलं होतं, आत जळण रचलेलं आणि कोंबड्या. रात्रीच्या बैठकीत ती म्हणाली, "मॅडम, हे हो धरायचं की नाही?" त्यावरून जे जुंपलं ते बराच वेळ चाललं. 'आहे का' आणि 'वापरता का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न परक्या पोराने ओसरीवर सगळ्यांसमोर विचारला तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. सासऱ्याला विचारलं तर एक उत्तर, सुनेला एकटीला विचारलं तर दुसरं. पुस्तकात हे सगळं दोन मार्कांच्या टिपेत उरकलेलं असतं. त्या रात्रीनंतर त्या वर्गाला मला ते शिकवावं लागलं नाही.

म्हणून माझं मत असं की सकाळचं श्रमदान, दुपारचं बौद्धिक आणि रात्रीची गाणी यांत विषय शिकला जात नाही. दिवसभरात काय पाहिलं, ते तसंच का होतं, हे कोणीतरी रात्री बसून उकरून काढलं तर शिकला जातो. त्या कॉलेजात अशी बैठक होते का ते विचारा. होत नसेल तर हाताला फोड येतील, भूक चांगली लागेल, आणि तेही वाईट नाही.

---

झाडीपट्टी | ९ डिसेंबर, २३:०८

आमच्याकडे चंद्रपूरला हा प्रकार एनएसएसच्या आधीपासूनचा आहे. बाबा आमट्यांनी मूलजवळच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती १९६७ मध्ये. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात! पहाटे उठून श्रमदान, मग दिवसभर चर्चा. महाराष्ट्रभरातून पोरं येतात. त्यातल्या कित्येकांची गाडी पुढे वेगळ्याच रुळावर गेली. गडचिरोलीला अभय आणि राणी बंग या डॉक्टर जोडप्याने २००६ पासून 'निर्माण' चालवलंय, तेही तरुणांसाठीच. तिथे तर आपलं शिक्षण कोणत्या प्रश्नाला कामी येईल हाच मुख्य मुद्दा असतो.

मी गेलो होतो सोमनाथला. विषयाचं म्हणाल तर मी मराठी वाङ्मयवाला. वऱ्हाडी, कोकणी, खानदेशी, सगळ्या बोल्या एका पंगतीत ऐकल्या. भाषाविज्ञानाचा पेपर मग सोपा गेला बाप्पा.

---

कोरडवाहू | १० डिसेंबर, ०७:१५

आमचं गाव बीड जिल्ह्यात. आजवर तीन कॉलेजांनी दत्तक घेतलंय. आईबाप कुणी झालं नाही, हा भाग वेगळा.

एक साधी गोष्ट सांगतो. हिवाळी शिबिर येतं तेव्हा निम्मं गाव उसाच्या फडात असतं. दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात, म्हणजे तोडणारी नवराबायकोची जोडी. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि हंगामी वसतिगृहात जेवणारी पोरं. तुमचे विद्यार्थी येतात, घरोघर फिरतात आणि अहवालात लिहितात, 'गावात ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण लक्षणीय आहे.' खडूफळा मॅडम, याला तुमच्या पुस्तकात किती मार्क?

दुसरं, पोरं काय शिकली यावर धागा निघतो, गावाला काय मिळालं यावर निघत नाही. आमच्या शाळेच्या भिंतीला दरवर्षी नवा रंग आणि नवा सुविचार मिळतो. गळकं छप्पर तसंच आहे.

---

बटाटावडा | १० डिसेंबर, ०७:४०

कोरडवाहू दादा, दंडवत. 'ज्येष्ठ नागरिकांचे प्रमाण'ला हहपुवा (हसून हसून पुरे वाट) आणि मग एकदम हसू आलं नाही.

---

खडूफळा | १० डिसेंबर, ०९:०२

कोरडवाहू, शून्य मार्क, आणि तेही शिक्षकाला. गाव कधी रिकामं असतं हे ठाऊक नसताना सर्वेक्षणाची तारीख ठरवली तर दोष पोरांचा नाही. शिबिराची तारीख विद्यापीठाचं वेळापत्रक ठरवतं, उसाचा हंगाम नाही. पण हे मुलांच्या लक्षात आणून देता येतं. कुलूप लागलेल्या घरांना 'लागू नाही' असं लिहून पुढे जायचं, की शेजाऱ्याला विचारून कोण कुठे गेलंय ते टिपायचं? दुसरं केलं की त्याच सात दिवसांत स्थलांतराचा नकाशा हाती येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठं घबाड काय हवं?

गावाला काय मिळालं याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एकाच गावात वर्षानुवर्षं जात राहणारी युनिटं थोडी आहेत. तिथे थोडंफार होतं.

---

बिनपगारी | १० डिसेंबर, ११:२०

सगळे फार गोड बोलताय, म्हणून कडू डोस. मी ज्या कॉलेजात होतो (नाव नको) तिथे १२० तासांची डायरी मार्चमधल्या एका रात्री भरली जायची. 'स्वच्छता अभियान, ३ तास.' प्रत्यक्षात तीन मिनिटं. नवे झाडू, पांढरे टी-शर्ट, बॅनर, प्राचार्य मध्ये, क्लिक. कचरा आधी आणून टाकायचा शिपाईमामांनी आणि नंतर उचलायचाही त्यांनीच.

आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला क्रेडिट आलंय. त्याच्या जोडीला फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचा वेगळा उपक्रम. म्हणजे आता खोट्या डायऱ्याही क्रेडिटच्या पटीत. सक्तीची सेवा ही सेवा नसते, वेठ असते.

---

मात्रा | १० डिसेंबर, १३:४५

बिनपगारी यांच्या पहिल्या परिच्छेदाला +१, शेवटच्या वाक्याशी असहमत. आम्हा एमबीबीएसवाल्यांना ग्रामीण आरोग्य केंद्रातली पोस्टिंग सक्तीचीच असते. सक्ती नसती तर मी गेलेच नसते, झोप काढली असती.

जनवैद्यक हा विषय आम्ही सगळे तुच्छ समजायचो. खरी डॉक्टरकी सर्जरीत! तिकडे एका पाड्यावर जुलाब झालेल्या पोराच्या आईला मी ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेची, पुडी कशी वापरायची ते छान समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "एवढं पाणी एका वेळी पोर कुठं पितंय? मी पेल्यातच कालवते." पुडी एक लिटर पाण्याची. ती पेल्यात कालवली तर मिठाचं प्रमाण कितीतरी पट होतं आणि औषधच अंगाशी येतं. शिवाय घरात लिटरचं माप नाही. तांब्या आहे, पण प्रत्येक घरचा वेगळा. मग गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी सुचवलं की पाण्याची लिटरची रिकामी बाटली प्रत्येक घरात कुठेतरी असतेच, ती भरून घ्यायला सांगा, आणि कालवलेलं दिवसभर थोडं थोडं पाजायला सांगा.

रक्तातल्या सोडियमवर मी परीक्षेत पानं भरली असती. पेला आणि तांब्या त्या पानांत कुठेच नव्हते.

---

कृषीकन्या | १० डिसेंबर, १४:३०

माझ्या नावावर हसण्याआधी सांगते, हो, 'कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' या बातमीतल्या फोटोत डावीकडून तिसरी मीच. प्रत्येक जिल्ह्याच्या पुरवणीत ही बातमी दर पावसाळ्यात असते. :)

आमच्या बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला एक सत्र गावातच काढायचं असतं, ग्रामीण कृषी कार्यानुभव. आम्ही सोयाबीनची बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, दाखवत होतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धन, क्रम तोंडपाठ. मैत्रीण बियाणं जोरजोरात चोळायला लागली तशी एक आजी ओरडली, "अगं हळू, साल निघंल, मग उगवंल काय?" सोयाबीनचं साल नाजूक असतं आणि ते फुटलं की उगवण घटते, हे आम्हाला बियाणे तंत्रज्ञानात होतंच की. पण धडा एका पेपरात आणि बीजप्रक्रिया दुसऱ्या पेपरात. आजीकडे दोन्ही एकाच हातात होतं.

---

त्रिज्या | १० डिसेंबर, १८:१०

सिव्हिलवाला हजर. आमच्या शिबिरात वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, वीट रचतो तसे सांधे चुकवून. पावसाळा संपता संपता करायचा, ओढा वाहता असतानाच, नाहीतर अडवणार काय? आमचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीत होतं म्हणून जमलं. डिसेंबरअखेरीस कोरड्या ओढ्यात बंधारा घालून फोटो काढणारी युनिटं पाहिली आहेत.

मजा सांगतो. माथ्यावर समतल चर खणायचे होते. त्यासाठी ए-फ्रेम. तीन काठ्या, एक दोरी, दोरीला दगड. दोन पाय जमिनीला टेकले आणि दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की ते दोन बिंदू एका पातळीत. सर्व्हेइंगच्या लॅबमध्ये आम्ही डम्पी लेव्हलचे (पातळी मोजायच्या दुर्बिणीचे) आकडे एकमेकांचे बघून लिहायचो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी रेषा, काय असते हे मला त्या तीन काठ्यांनी शिकवलं. एका ठिकाणी आमची खूण गावकऱ्याला पटेना, तो म्हणाला पाणी इकडून जातं. पाऊस नव्हता, पण वाळलेला पालापाचोळा कुठे अडकलाय ते त्याने दाखवलं. पुन्हा फ्रेम लावली, त्याचंच खरं निघालं.

---

राईनकाठ | १० डिसेंबर, २०:२५

इकडे जर्मनीत शाळा संपल्यावर मुलं वर्षभर वृद्धाश्रमात, रुग्णालयात, बालवाडीत काम करतात, थोडा हातखर्च मिळतो. २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवली, तिच्याबरोबर पर्यायी नागरी सेवाही गेली. तेव्हा जागा भरायला सरकारने ऐच्छिक सेवेची नवी योजना आणली. सेवेच्या वर्षात काही दिवस चर्चासत्रांचे असतात, तिथे केलेल्या कामावर बोलायचं. म्हणजे खडूफळा म्हणतात तेच. माझ्या शेजारची मुलगी डॉक्टर व्हायची म्हणून वृद्धाश्रमात गेली आणि वर्षाअखेरीस म्हणाली, मेडिकल नको. हेही शिकणंच, आणि वेळेत झालं.

---

अण्णा_मिरज | १० डिसेंबर, २१:१७

१९७२ च्या दुष्काळात आम्ही कॉलेजात होतो. एनएसएसने १९७३ मध्ये 'युवक विरुद्ध दुष्काळ' अशी मोहीम काढली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, सुकडीच्या, म्हणजे वाटायच्या पौष्टिक भुकटीच्या, रांगा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तेव्हा 'छुपी बेकारी' असा शब्द होता. दुष्काळात ती छुपी राहत नाही, रस्त्यावर येऊन बसते, हे पाहिलं. बाकी आजच्या पोरांचं तुम्ही बघा.

---

परीक्षानळी | १० डिसेंबर, २२:०३

जाईजुईताई, तुमची मुलगी बीएस्सीची ना? मग हे तिच्या उपयोगाचं. निर्माल्य गोळा करणं तुम्ही पहिल्याच ओळीत निकालात काढलंत, पण पुण्यात गणपतीत आणखी एक काम चालतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच बादलीत विरघळवायची, अमोनियम बायकार्बोनेट टाकून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे पाषाणच्या एनसीएलने, ही पद्धत पुढे आणली आणि महापालिका ती पावडर वाटते. आमच्या युनिटकडे लोकांना समजावायचं काम होतं.

प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. बायकार्बोनेटबरोबर अभिक्रिया होऊन तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं द्रावण राहतं, जे पातळ करून झाडांना घालता येतं. समीकरण वहीत दोन ओळींचं. पण सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, "एवढ्या मूर्तीला पावडर किती? आणि अमोनियाचा वास येईल त्याचं काय?" ग्रॅमचं गणित करून सांगावं लागलं. तोपर्यंत मोलची गणितं मी फक्त परीक्षेत सोडवली होती. मूर्ती कोरडी असताना वजन करा, हे दुसऱ्या काकांना तीनदा सांगावं लागलं. रंगाचं काय होतं, हा प्रश्न एका शाळकरी मुलाने विचारला. रंग विरघळून गायब होत नाही, गाळात किंवा पाण्यात राहतोच, आणि तेच पाणी झाडांना घालायचं की नाही यावर आमच्या सरांनाही विचार करावा लागला.

तेव्हा वर्गात आणि गावात असं वेगळं राहतं का, तर ते प्रश्न विचारणाऱ्या काकूंवर अवलंबून आहे.

---

बिनपगारी | १० डिसेंबर, २२:३०

परीक्षानळी, काकूंना क्रेडिट द्या.

---

ओसरी | ११ डिसेंबर, १०:४८

शिबिराला न जाताही होतं हे. मी अंध मित्राची लेखनिक होते. आमच्या वेळी लेखनिक वेगळ्या शाखेचा किंवा खालच्या वर्गातला लागायचा, म्हणजे उत्तरं येत असण्याचा संशय नको. मी विज्ञानाची, तो राज्यशास्त्राचा. तो बोलायचा, मी लिहायची. पहिल्या पेपरला त्याने पूर्ण उत्तर डोक्यात रचलं, मुद्दे बोटांवर मोजले, आणि मग अखंड सांगत गेला. खाडाखोड नाही. कारण खोडायचं तर कुठलं वाक्य हे मला सांगण्यात वेळ जाणार. त्यानंतर मी माझ्या पेपरात आधी पेन खाली ठेवून विचार करायला लागले. राज्यघटनेतलं ७३ व्या दुरुस्तीचं (पंचायतराजचं) प्रकरण फुकटात कळलं ते वेगळंच.

---

जाईजुई | ११ डिसेंबर, २१:१०

सगळ्यांचे आभार. धागा लेकीला वाचायला दिला, तिने वडिलांना दिला. परीक्षानळी, ती म्हणते हे कुणीच सांगितलं नव्हतं, यंदा ती फक्त हार वेगळे करत उभी होती.

आज तिने सरांना विचारलं. रात्री चर्चा असते म्हणाले, पण 'वेळ उरला तर'. सर्वेक्षणही आहे, प्रश्नावली विद्यापीठाकडून छापील येते. तिने विचारलं की गावातल्या दोन बोअरवेलच्या पाण्याचा कठीणपणा तपासायला बाटल्या भरून लॅबमध्ये आणल्या तर चालतील का. सर आधी गप्प झाले, मग म्हणाले केमिस्ट्रीच्या मॅडमना विचार. मॅडम हो म्हणाल्या. जाणार आहे ती. जर्नल जाण्याआधी पूर्ण करायचं, असा तह झाला आहे.

कोरडवाहू, तुमचं वाचून मला प्रश्न पडला. पाण्याचं काही निघालं तर ते गावाला सांगायचं कसं?

---

कोरडवाहू | ११ डिसेंबर, २१:५५

हे बरं विचारलंत ताई. आजवर आमच्याकडून तीन वेळा माहिती गेली, परत एकदाही आली नाही.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. शिबिर डिसेंबरअखेर, म्हणजे लॅबला तीन आठवडे मिळतात. दोन पोरी निकालाचा कागद घेऊन या आणि सभेत वाचा. 'कठीणपणा अमुक इतके मिलिग्रॅम' असं नको. डाळ शिजायला वेळ का लागतो, साबणाला फेस का येत नाही, कुठल्या बोअरचं पाणी बरं, असं सांगा. ग्रामपंचायतीत कागदाची प्रत द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

---

मात्रा | ११ डिसेंबर, २२:१२

आणि नुसत्या कठीणपणावर 'पाणी पिण्यायोग्य आहे' असं सांगू नका. जंतूंची तपासणी वेगळी असते आणि तिला बाटली निर्जंतुक लागते. आरोग्य केंद्रात विचारा, तिथून नमुने प्रयोगशाळेत जातात.

---

बिनपगारी | ११ डिसेंबर, २२:२०

कोरडवाहू, ग्रामसभेला माणसं जमतात तुमच्याकडे? आमच्याकडे गणपूर्तीअभावी तहकूब, हीच परंपरा. पोरी बिचाऱ्या एसटीने येणार आणि सरपंच चहा पाजून पाठवणार.

---

खडूफळा | ११ डिसेंबर, २२:४१

तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. तारीख विचारून घ्यायची आणि पुन्हा जायचं.

---

बिनपगारी | ११ डिसेंबर, २२:४४

आणि त्या दिवसाचे तास डायरीत धरायचे का?

---

खडूफळा | ११ डिसेंबर, २२:५०

सभेचे धरायचे. चहाचे नाही.